गोल न झाल्याचं श्रेय

१९७९-८० च्या मोसमात क्वेबेकच्या ज्युनियर हॉकी लीगमध्ये गी कार्बोनो नावाचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा शिकुटिमीच्या संघाकडून ७२ सामने खेळला. त्यात त्याने ७२ गोल केले आणि आणखी ११० गोलांना पास दिले. आइस हॉकीत गोलाचा एक गुण आणि पासचाही एक गुण, म्हणजे एका मोसमात १८२ गुण. आदल्या वर्षी १४१ होते. सेंट लॉरेन्सच्या उत्तर काठावरच्या सेत-ईल या गावातून आलेल्या या मुलाकडे तेव्हा कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, हा गोल करण्यासाठीच जन्माला आलाय.

आज त्याच लीगमध्ये दर वर्षी त्याच्या नावाची ट्रॉफी दिली जाते. २००४-०५ पासून. आणि ती मिळते सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डला.

दुसरं टोक कॅनडाच्या पश्चिमेला आहे. तिकडच्या ज्युनियर लीगमध्ये मोसमात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या मुलाला बॉब क्लार्क ट्रॉफी देतात. या क्लार्कला १९८३ मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, सेल्की ट्रॉफी मिळाली होती, म्हणजे सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डचं बक्षीस. या दोन ट्रॉफ्या मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून बघायला मला फार आवडतं. ज्याला गोल करता येत नाहीत त्याला बचावाला लावतात, हा समज या दोन नावांपुढे उभाच राहू शकत नाही.

पुण्या-नागपुरातून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा जण असतात: गोलकीपर, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड (मधला सेंटर, दोन बाजूंचे विंगर). पाऊण-एक मिनिटात माणूस दमतो, म्हणून खेळ चालू असतानाच तिघांची एक फळी कठड्यावरून उडी मारून आत येते आणि दुसरी बाहेर जाते. फॉरवर्ड म्हटला की तो पुढे जाणार, गोल करणार. पण पक (खेळातली रबराची चकती) तर निम्मा वेळ समोरच्यांकडे असतो. त्या निम्म्या वेळात फॉरवर्ड काय करतो, याची ही सगळी गोष्ट आहे.

ज्युनियर म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांची मुलं. कॅनडात वरच्या दर्जाच्या अशा तीन लीग आहेत: पश्चिमेची, ओंटारिओची आणि क्वेबेक व किनाऱ्यावरच्या प्रांतांची. पोरं घर सोडून परगावी कुणाच्या तरी कुटुंबात राहतात, तिथल्या शाळेत जातात, आठवड्याला दोन-तीन सामने खेळतात, बसने रात्र-रात्र प्रवास करतात. स्टँडमध्ये वरच्या रांगेत एनएचएलचे स्काउट वही घेऊन बसलेले असतात. अठराव्या वर्षी ड्राफ्ट, म्हणजे एनएचएलचे संघ क्रमाक्रमाने मुलं निवडतात. ज्याचं नाव पुकारलं त्याच्यापुढे एक रस्ता उघडतो, बाकीच्यांना आपापला शोधावा लागतो.

आम्ही पीटरबरोला राहतो, टोरोंटोपासून गाडीने दीडेक तास. मधोमध ओटोनबी नदी, नदीकाठी क्वेकरचा कारखाना. वारा तसा असला की ओट्सचा वास गावभर पसरतो. इथला संघ पीट्स, १९५६ पासूनचा, मरून रंगाच्या जर्सीचा. मेमोरियल सेंटरला त्यांचे घरचे सामने गुरुवारी असतात, आणि गुरुवारी संध्याकाळी गावात भेटायला बोलावलंत तर माणसं यायची नाहीत.

हा सगळा इतिहास मला इथे आल्यावर शेजारच्या वयस्कर मंडळींकडून कळत गेला, आणि कळत गेला तसा मी थक्क होत गेले. सेल्की ट्रॉफी १९७८ मध्ये पहिल्यांदा दिली गेली. पहिली चार वर्षं ती एकट्या बॉब गेनीला मिळाली. गेनी याच गावात जन्मला आणि पीट्सकडूनच ज्युनियर खेळला. १९८४ मध्ये ती डग जार्व्हिसला मिळाली, तोही पीट्सचा. १९८५ मध्ये क्रेग रॅमसीला, पुन्हा पीट्सचा. तो मोसम रॅमसीचा शेवटचा होता, ट्रॉफी घेऊनच तो निवृत्त झाला. पुढे २००० मध्ये स्टीव्ह आयझरमनला मिळाली, आणि त्याचंही ज्युनियर हॉकी इथेच झालेलं. एका मध्यम आकाराच्या गावातून एवढे.

गेनी, जार्व्हिस आणि रॅमसी या तिघांचेही कोच रॉजर नीलसन. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७६ पर्यंत ते पीट्सकडे होते, आणि शाळेत शिकवतही असत. सामन्याचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघून त्यातून शिकवणाऱ्या पहिल्या कोचांपैकी ते एक. त्यांचा एक किस्सा इथे अजून सांगतात. पेनल्टी शॉट असला की समोरचा एकटा खेळाडू पक घेऊन गोलकीपरवर चालून येतो. नीलसननी नियमांचं पुस्तक वाचलं. त्यात गोलकीपरच उभा पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी गोलात डिफेन्समन उभा केला आणि शॉट मारणारा निघाला की त्याच्या अंगावर धावून जायला सांगितलं. शॉट मारणाऱ्याला काय करावं ते सुचेना. पुढे नियमच बदलावा लागला. गोल होऊ न देणं या विषयावर एवढं डोकं चालवणाऱ्या माणसाच्या हाताखाली ज्या मुलांची सतरावी-अठरावी वर्षं गेली, ती पुढे काय करणार होती हे वेगळं सांगायला नको.

जार्व्हिसचं मला विशेष वाटतं. पीट्सकडच्या शेवटच्या मोसमात, १९७४-७५ मध्ये, त्याने ६४ सामन्यांत १३३ गुण केले होते. म्हणजे हाही गोल करणाराच. टोरोंटोने त्याला ड्राफ्टमध्ये २४ व्या क्रमांकावर घेतलं आणि एकही सामना न खेळवता मॉंट्रियलला देऊन टाकलं. मॉंट्रियलने त्याला फेसऑफ घेणं (खेळ सुरू करताना पंच दोघांच्या मध्ये पक टाकतो, तो मिळवणं), एक माणूस कमी असताना खेळणं, समोरच्या सर्वांत धोकादायक फळीसमोर उभं राहणं ही कामं दिली. तो ती करत राहिला. पहिल्या चार मोसमांत चार स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची चार विजेतेपदं. आणि १९७५ च्या ऑक्टोबरपासून १९८७ च्या ऑक्टोबरपर्यंत सलग ९६४ सामने, मध्ये एकही न चुकवता. हा विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला.

गेनीचं उलटं होतं. पीट्सकडच्या शेवटच्या मोसमात ५२ सामन्यांत फक्त ४३ गुण. गुणांची यादी वरून खाली वाचत आलं असतं तर त्याच्या नावापर्यंत पोचेस्तोवर कुणीही कंटाळलं असतं. तरी १९७३ मध्ये मॉंट्रियलने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं. कुणीतरी यादी बाजूला ठेवून प्रत्यक्ष मुलाकडे बघितलं होतं.

असं बघणं सोपं नसतं. मेमोरियल सेंटरला मागच्या हिवाळ्यात मी ठरवून एका मुलावरच नजर ठेवली. तिसऱ्या फळीचा सेंटर, अंगाने बारीक, वय सतरा असेल. शेवटचं मिनिट, आपण एका गोलाने पुढे. पाहुण्या संघाने गोलकीपर काढून सहावा खेळाडू आत आणला होता. फेसऑफ आपल्याच गोलाच्या डाव्या बाजूला. आमच्या कोचने यालाच आत पाठवला. तो वाकला, एक हात स्टिकच्या अगदी खाली, पात्यापाशी. पंचाने पक टाकला. त्याने तो जिंकला नाही, पण समोरच्यालाही जिंकू दिला नाही. स्टिकवर स्टिक दाबून धरली, तोवर आमच्या विंगरने पक पायाने कोपऱ्यात ढकलला. तिथून पुढे माझी नजर पककडे वळत होती, ती मी जबरदस्तीने याच्यावर ठेवली.

तो सारखा मान वळवून मागे बघत होता. पक कोपऱ्यात, याचं डोकं मागे. गोलासमोर कोण मोकळा आहे, कोण मागून सरकतोय. स्टिकचं पातं बर्फावर टेकलेलं, पास जिथून जाईल त्या रेषेत. पक वर निळ्या रेषेपाशी गेला, तिथून त्यांच्या डिफेन्समनने मारायला हात उचलला. हा मुलगा त्याच्याकडे धावला, एक गुडघा टेकून आडवा झाला. पक त्याच्या नडगीवर बसल्याचा आवाज आम्हाला वर ऐकू आला. उठताना त्याला नीट उठता येईना. एका पायावर जोर देत तो पुन्हा गोलासमोर आला, आणि पक आला तेव्हा काचेवर उंच आपटून बाहेर काढला. मग आमच्या दुसऱ्या कुणीतरी तो रिकाम्या गोलात मारला. सगळं मैदान उभं राहिलं. लाउडस्पीकरवर गोल करणाऱ्याचं नाव आलं, पास देणाऱ्याचं आलं. सामन्यानंतर तीन स्टार जाहीर झाले, तेही दोन गोल करणारे आणि एक गोलकीपर. या मुलाच्या नावासमोर त्या रात्रीच्या कागदावर गोल शून्य, पास शून्य.

माझा मुलगा निहार इथल्या गावातल्या मुलांच्या लीगमध्ये खेळतो. त्याचं काही त्या दर्जाचं नाही, पण त्याच्या कोचने त्याला पेनल्टी किलवर घ्यायला सुरुवात केली आहे. म्हणजे आपला एक जण दोन मिनिटं बाहेर बसला असताना चौघांनी पाचांना रोखायचं. कराडहून माझ्या सासऱ्यांचा रविवारी फोन येतो. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. परवा निहारने फोन घेतला.

“काय रे, जिंकला का?”

“हो आबा, तीन-दोन.”

“मग तू किती मारलेस?”

“मी नाही मारले. पण मी होतो तेव्हा त्यांनी एकही नाही मारला.”

पलीकडे जरा शांतता. मग आबा म्हणाले, “बरं बरं. पुढच्या वेळी मार हं एखादा.”

आबांचा राग यायचं काही कारणच नाही. तोच प्रश्न मी विचारते, शेजारीपाजारी विचारतात, निहारच्या वर्गातली मुलं विचारतात. किती मारलेस, हा मोजता येणारा प्रश्न आहे. किती होऊ दिले नाहीस, याला उत्तर कुठून आणायचं? न झालेला गोल कागदावर उतरत नाही. तो एखाद्याला आठवला तर आठवला.

म्हणून मला वाटतं की असं बक्षीस सर्वांत जास्त गरजेचं कुठे असेल तर ते ज्युनियर हॉकीत. मोठ्यांच्या लीगमध्ये बचाव करणाऱ्या फॉरवर्डला करार मिळालेला असतो. त्याचं काम काय आहे हे संघाला माहीत असतं, त्याचे पैसे ठरलेले असतात. सतरा वर्षांच्या मुलाजवळ यातलं काहीच नसतं. त्याच्याजवळ असतात गुण. स्काउटच्या वहीत, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, एजंटच्या बोलण्यात तेच येतात. अशा वेळी कोच त्याला जवळ बोलावतो आणि म्हणतो, उद्यापासून पॉवर प्लेवर (समोरचा एक जण बाहेर असताना) तू नाहीस; त्यांची पहिली फळी आत आली की तू जायचंस. गोल करायची जी दोन-चार मिनिटं त्याच्या वाट्याला होती, ती दुसऱ्या मुलाकडे गेली. आणि तो दुसरा मुलगा त्याच्याच खोलीत राहणारा, त्याच ड्राफ्टची वाट बघणारा. हे ऐकून “हो कोच” म्हणणाऱ्या पोराने काय सोडलं, हे त्याच्या आईबापांना तरी कळतं की नाही कोण जाणे.

तो हे कशाच्या भरवशावर करतो? कोचच्या शब्दाच्या. आणि कोच बदलत असतात. लीगने जर वर्षातून एकदा सगळ्यांसमोर, नावाच्या ट्रॉफीसह, सांगितलं की हे काम आम्ही बघतो, तर तो भरवसा एका माणसापुरता राहत नाही. क्वेबेकच्या लीगने हे केलं. इतकंच नव्हे, बचावात पक्क्या असलेल्या डिफेन्समनसाठीही तिथे केविन लोच्या नावाची वेगळी ट्रॉफी आहे, कारण वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनचं बक्षीस बहुधा गुण करणाऱ्या डिफेन्समनकडेच जातं. अमेरिकेत कॉलेजच्या काही लीगही बचावात्मक फॉरवर्डला स्वतंत्र बक्षीस देतात.

आणि नाव निवडलं तेही किती नेमकं. कार्बोनोला मॉंट्रियलने १९७९ मध्ये ४४ व्या क्रमांकावर घेतलं. १८२ गुणांचा मोसम त्याच्या पुढचा. त्यानंतरही त्याला दोन वर्षं खालच्या लीगमध्ये, नोव्हा स्कोशियाच्या संघात, काढावी लागली, आणि तिथेही तो भरपूर गुण करत होता. मॉंट्रियलच्या संघात तो आला तेव्हा गेनी तिथला कर्णधार होता. ज्याने ज्युनियरमध्ये सामन्यामागे अडीच गुण केले तो मुलगा गेनीच्या बरोबरीने पेनल्टी किलवर जाऊ लागला. पुढे १९८८, १९८९ आणि १९९२ अशी तीनदा सेल्की ट्रॉफी त्याला मिळाली. १९८६ आणि १९९३ चा स्टॅनले कप मॉंट्रियलबरोबर, १९९९ चा डॅलसबरोबर. १३१८ सामने.

१९९३ च्या अंतिम फेरीचा किस्सा तर इथे लहान मुलांनाही माहीत असतो. समोर लॉस एंजलिस, त्यांच्याकडे वेन ग्रेट्स्की, हॉकीतला सर्वांत नावाजलेला गुण करणारा. पहिला सामना लॉस एंजलिसने ४-१ ने जिंकला आणि चारही गोलांत ग्रेट्स्कीचा हात होता; एक स्वतः केलेला, बाकीच्या तीन गोलांना पास. कार्बोनो तेव्हा मॉंट्रियलचा कर्णधार. तो कोच जाक डेमेर्स यांच्याकडे गेला आणि म्हणाला, ग्रेट्स्की मला द्या. डेमेर्सनी दिला. पुढचे चारही सामने मॉंट्रियलने जिंकले, त्यातले तीन जादा वेळेत. ९ जून १९९३ ला कप मॉंट्रियलमध्ये होता.

यात एक तांत्रिक गोष्ट आहे, ती समजल्यावर या मागणीचं वजन कळतं. खेळ थांबला की आधी पाहुण्या संघाने माणसं बदलायची असतात, यजमानांनी नंतर. म्हणजे घरच्या मैदानावर कोचला समोर कोण आलंय ते बघून आपला माणूस पाठवता येतो. परक्या मैदानावर ती सोय नसते. तिथे खेळ चालू असताना, कठड्यावरून उड्या मारत, ग्रेट्स्की आत आला की हा आत, तो बाहेर गेला की हा बाहेर, असं करत राहावं लागतं. त्या फेरीतला तिसरा आणि चौथा सामना लॉस एंजलिसमध्ये होता. “मला द्या” म्हणणाऱ्या तेहतीस वर्षांच्या माणसाला, समोर कोण आहे आणि पुढे काय करायचंय, हे सगळं ठाऊक होतं.

२०१९ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. खेळणं सोडून एकोणीस वर्षं झाल्यावर. गोल करणाऱ्यांना इतकं थांबावं लागत नाही.

पॅट्रिस बर्जरॉनचंही इथे आठवतं. तो याच क्वेबेक लीगमध्ये, न्यू ब्रन्सविकच्या बॅथर्स्टच्या संघातून खेळला आणि २००३ मध्ये अठराव्या वर्षीच बोस्टनला गेला. सेल्की ट्रॉफी सहा वेळा जिंकणारा तो एकटा. कार्बोनो ट्रॉफी सुरू झाली तेव्हा तो ज्युनियरमधून निघून गेला होता. थोडक्यात हुकली, नाहीतर त्या यादीत त्याचं नाव शोभलं असतं.

आता प्रश्न येतो की ठरवायचं कसं. गोल मोजता येतात म्हणून त्यांची बक्षिसं निर्विवाद असतात. बचाव मोजायला हॉकीत जुनं माप आहे ते प्लस-मायनसचं. दोन्हीकडे सारखी माणसं असताना आपल्या संघाने गोल केला की बर्फावरच्या सगळ्यांना एक अधिक, खाल्ला की एक वजा. पश्चिमेच्या लीगमध्ये या मापावर बक्षीसही देतात. मला ते अपुरं वाटतं, आणि का ते सांगते. चांगल्या संघातल्या साधारण मुलाचं प्लस फुगतं, वाईट संघातल्या उत्तम मुलाचं मायनस होतं. जो रोज समोरच्यांच्या पहिल्या फळीपुढे उभा राहतो त्याचा आकडा, तिसऱ्या फळीपुढे खेळणाऱ्यापेक्षा कमीच दिसणार. आणि सगळ्यांत मोठी गोम म्हणजे, एक माणूस कमी असताना समोरच्यांनी गोल केला तर तो या हिशेबात येतच नाही. खाल्ला नाही तरी येत नाही. म्हणजे पेनल्टी किलची ती दोन मिनिटं, ज्यांत चार पोरं जीव खाऊन धावतात, पक अंगावर झेलतात, ती या मापात जवळजवळ सापडतच नाहीत.

उलट, मतदान ठेवलं तर मतं हळूहळू गुणांकडे झुकतात. सेल्कीचंच बघा. १९७८ मध्ये पहिल्यांदा ती मिळाली तेव्हा गेनीचे मोसमातले गुण होते ३१. १९९४ मध्ये सर्गेई फेदोरोव्हला मिळाली तेव्हा त्याचे होते १२०. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफीही त्यालाच मिळाली. फेदोरोव्ह विलक्षणच होता, दोन्ही दिशांना तेवढाच धावणारा, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सेल्कीचं मत देतात पत्रकार, आणि पत्रकाराला एका मोसमात एवढे सामने, एवढे खेळाडू प्रत्यक्ष बघणं शक्य नसतं. मग ज्याचं नाव आधीच कानावर आहे त्याच्याकडे हात जातो. आणि नाव कानावर येतं ते गोलांमुळे. ३१ गुणांचा माणूस आज ती जिंकेल असं मला वाटत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

ज्युनियरमध्ये ही चूक टाळता येण्यासारखी आहे. लीग लहान, तेच संघ पुन्हा पुन्हा एकमेकांशी भिडतात. कोचांना पक्कं ठाऊक असतं की समोरचा कुठला पोरगा आपल्या पहिल्या फळीचा जीव नकोसा करतो. आमच्या ओंटारिओ लीगमध्ये दर वर्षी कोचांचं एक मतदान होतंच. सर्वांत हुशार खेळाडू कोण, सर्वांत जोरकस शॉट कुणाचा, फेसऑफला कोण चांगला, पक अंगावर घेणारा कोण, पेनल्टी किल कोण चांगलं करतो, आणि त्यातच, सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्ड कोण. मी ती यादी दर वर्षी वाचते. पण त्या वर्गवाऱ्यांच्या गर्दीत हे नाव येतं आणि जातं. त्याला ट्रॉफी नाही, समारंभ नाही.

याच लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्या उजव्या विंगरला मात्र स्वतंत्र ट्रॉफी आहे, जिम माहनच्या नावाची. तोही पीट्सचाच. १९७१ मध्ये अगदी कोवळ्या वयात तो गेला. त्याच्या आठवणीसाठी ती ट्रॉफी असावीच, तिला मी बोट लावणार नाही. एवढंच म्हणते की एका बाजूच्या विंगरच्या गुणांसाठी ज्या लीगला जागा सापडली, तिला बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठीही सापडेल. आणि ज्या लीगमधून गेनी, जार्व्हिस, रॅमसी गेले त्या लीगला ही ट्रॉफी नसावी, हे मला पटत नाही.

नाव माझ्या मनात ठरलेलं आहे. नीलसन यांचं सुचलं होतं, पण त्यांच्या नावाने ही लीग कॉलेजात शिकणाऱ्या सर्वांत अभ्यासू खेळाडूचा सन्मान करते, आणि एका शिक्षकाच्या नावाला ते शोभतं. गेनीही चालेल, पण तो आला तेव्हाच बचावाचा खेळाडू होता. मला हवा जार्व्हिस. १३३ गुणांचा मोसम पाठीशी असताना दुसरं काम पत्करलं, आणि बारा वर्षं एकही दिवस न चुकता केलं. सतरा वर्षांच्या मुलाला जेव्हा कोच सांगेल की उद्यापासून पॉवर प्लेवर तू नाहीस, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर यायला हे नाव चांगलं.

मतदान कोचांनीच करावं, स्वतःच्या संघातल्या मुलाला मत द्यायची मुभा नसावी. आणि निकाल जाहीर करताना त्या मुलाचे गोल किती, पास किती हे वाचूच नये. एक माणूस कमी असताना तो किती मिनिटं बर्फावर होता, आपल्या गोलाजवळचे किती फेसऑफ त्याने घेतले, त्याच्यासमोर रोज कुणाला उभं केलं जायचं, आणि त्यांना तो असताना किती गोल करता आले, हे वाचावं. पुढच्या रविवारी आबांना फोनवर सांगायला निहारला तेवढं पुरेल.